‘हँड्स-ऑफ’ म्हणजे नक्की काय, दादा?

६ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, पण फेकणार नाहीस. माझा फोन तू चार वर्षं उचललेला नाहीस. पण बंद पाकीट समोर पडलेलं असताना तुला चहा गोड लागत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

काम एवढंच आहे की मला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ हवाय. तू तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस. आपल्या घरात इंग्रजीचं काहीही अडलं की ते तुझ्याच दारात यायचं, म्हणून मीही आले.

मी अजून त्याच केंद्रात आहे. तळमजल्यावरचा लांब हॉल, जिथे अर्धांगवायूचा झटका आलेली, हाडं मोडलेली माणसं पुन्हा उभं राहायला शिकतात. वर्षापूर्वी आमच्याकडे नव्या मुख्य बाई आल्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, चालताना बुटांचा आवाज न करणाऱ्या. त्यांनी सगळ्यांचा वार्षिक अहवाल लिहिला. माझ्या कागदावर ‘हजेरी उत्तम’, ‘नोंदी नीटनेटक्या’, आणि त्याखाली इंग्रजीत एकच ओळ आहे, की माझी काम करायची पद्धत ‘हँड्स-ऑफ’ आहे. बस. पुढे पूर्णविराम.

आता मी काय समजू? मोबाइलला विचारलं तर तो म्हणाला ‘हस्तक्षेपरहित’. असा शब्द मी जिवंत माणसाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. आमच्या मालिशवाल्या बाई म्हणाल्या, “म्हणजे हात वर केलेली. जबाबदारी झटकणारी.” दारावरचा रखवालदार म्हणाला, “ताई, रंग ओला असला की पाटी लावतात ना, हात लावू नका, तेच ते.” रंग ओला असण्याचं माझं वय राहिलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

चांगलं आहे की वाईट, तेवढं कळव. सहज कुतूहल म्हणून विचारतेय, दुसरं काही नाही.

नकटी

ता. क. आईबद्दल तुला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. रविवारी फोनवर ती मला “छान आहे” एवढंच सांगते. मनगट मोडलं होतं तेव्हाही ती “छान आहे” असंच म्हणत होती. म्हणून विचारते, कशी आहे?


२१ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं. वर ‘चि.’ नाही, खाली ‘आशीर्वाद’ नाही, मधे सहा ओळी व्याकरण. तरी मी ते दोनदा वाचलं. बरं, पाचदा.

तर हे विशेषण आहे, मधली छोटी रेघ विसरायची नाही, आणि खऱ्याखुऱ्या हातांशी त्याचा तसा संबंध नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे पण जो दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करत नाही, त्याला ते लावतात. रेघ काढली की त्याचा हुकूम होतो, “हात काढ!” इथपर्यंत समजलं. पण चांगलं की वाईट हे विशेषण ठरवत नाही, वाक्य ठरवतं, असं लिहून तू मला पुन्हा होते तिथेच आणून सोडलंस. हँड्स-ऑफ मुख्याध्यापक म्हणजे शिक्षकांना मोकळेपणाने शिकवू देणारा. आणि हँड्स-ऑफ बाप म्हणजे ज्याला आपली मुलगी कितवीत आहे ते माहीत नाही. वर्गात तू असाच शिकवायचास का? पोरं हसत असतील.

आणि मग कार्डाच्या कडेला, जागा उरली नव्हती म्हणून उभ्या अक्षरांत: ‘आई बरी आहे.’ ते वाचायला मी मान वाकडी केली, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना वाटलं, माझी मान धरलीये.

दादा, मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. कुतूहल वगैरे काही नाही. माझ्याविरुद्ध तक्रार आहे.

आमच्याकडे एक ड्रायव्हरकाका येतात. जन्मभर बस चालवली. आता डावी बाजू साथ देत नाही. बरोबर रोज काकू असतात, भिंतीलगतच्या बाकावर, मांडीवर पर्स घट्ट धरून. काकांना खुर्चीतून स्वतः उठायचं होतं. मी त्यांच्या बाजूला उभी, माझे दोन्ही हात त्यांच्या कमरेपासून बोटभर अंतरावर, पण लावलेले नाहीत. सहा वेळा उठायला गेले आणि सहा वेळा खाली बसले. सरकारपासून ते माझ्या खानदानापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. सातव्यांदा उठले, अर्ध्यात गुडघा वाकला, तेव्हा मी कमरेचा पट्टा धरून त्यांना सावकाश खाली गादीवर आणलं. नखालाही धक्का लागला नाही. पण काकूंनी काय पाहिलं? नवरा धडपडतोय आणि बाई शेजारी उभी आहे. त्या केवढ्यानं किंचाळल्या! दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार आली: ‘बाई नुसत्या उभ्या असतात. हात लावत नाहीत. माणूस पडला तरी लावत नाहीत.’

आणि त्याच आठवड्यात माझ्या अहवालावर तो शब्द. आता सांग, माझ्या जागी तू असतास तर तो चांगल्या अर्थाने वाचला असतास?

अठरा मार्चला सुनावणी आहे. मला माझं म्हणणं लिहून द्यायचंय, आणि आपल्या भाषेत द्यायचंय, कारण काकूंनाही ते वाचता आलं पाहिजे. पण तुझ्या ‘ढवळाढवळ न करणारी’ने माझं काम होत नाही. ‘लुडबुड न करणारी’, ‘मधे न पडणारी’, सगळ्यांत तो मेला ‘न’ आहे. मी काय करत नाही ते त्यातून कळतं. पण त्या सात वेळा मी काय करत होते, ते कसं सांगू? घरी गेल्यावर माझे दंड भरून आले होते, दादा. काही न करता कुणाचे दंड भरून येतात का?

एखादा शब्द सुचव.

नकटी


९ मार्च

दादा,

‘अलिप्त’ नको. ती गुहेत बसलेली माणसं. ‘मोकळीक देणारी’ चांगला आहे, पण काकू म्हणतील, माझ्या नवऱ्याला मोकळीक नकोय, आधार हवाय. ‘तटस्थ’ तर मुळीच नाही. मी काकांच्या बाजूची आहे, तटस्थ कसली?

पण तुझ्या कार्डावरचं शेवटचं वाक्य शब्दाबद्दल नव्हतं. ‘आई पडली तेव्हाही तू हँड्स-ऑफच होतीस ना?’

तीन दिवस ते कार्ड मी फडताळात, टॉवेलांच्या खाली ठेवलं होतं. चौथ्या दिवशी टॉवेल घेताना हातात आलं. म्हटलं, एकदाचं लिहून टाकू.

तेव्हाचं तुला आठवतंच असेल. आईला झटका येऊन तीन महिने झाले होते, ती माझ्याकडे होती. उजवा हात लुळा, पाय ओढत चालायची, पण चालायची. तू दर शनिवारी यायचास आणि तिला घास भरवायचास. मी म्हणायचे, “भरवू नकोस, डाव्या हाताने खाऊ दे.” तू म्हणायचास, “आई आहे ती, तुझी पेशंट नाही.” वहिनीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आता वाटतं, मी जरा गप्प बसायला हवं होतं. पण आपण दोघेही आपापल्या धंद्यातले शहाणे.

आणि मग ती स्वयंपाकघरात पडली. नेमकी चांगल्या हातावर. तू धावत आलास आणि मला विचारलंस, “तू कुठे होतीस?” मी म्हणाले, “इथेच. दाराशी. तिला स्वतःहून करू देत होते.” तू माझ्याकडे असं पाहिलंस की ते मी अजून विसरलेले नाही. म्हणालास, “हात लावायचाच नसेल तर ती इथे राहून काय उपयोग?” प्लास्टर घातलेल्या आईला तू त्याच संध्याकाळी आपल्याकडे घेऊन गेलास.

दादा, मी दाराशी नव्हते.

मी गॅलरीत होते. फोनवर. केंद्रातल्या एका सहकारिणीशी कुणाच्या तरी रजेबद्दल बोलत होते आणि हसत होते. आईने कपाटातून बरणी काढायला हात वर केला हे मी पाहिलंसुद्धा नाही. मी फक्त आवाज ऐकला.

तुझ्यासमोर तोंडातून ते वाक्य निघालं, कारण ‘लक्ष नव्हतं’ म्हणण्यापेक्षा ‘मुद्दाम करू देत होते’ म्हणणं सोपं होतं. निदान त्यात काहीतरी तत्त्व होतं. तू मला दगड समजलास, ते चाललं मला. निष्काळजी समजला असतास तर ते सहन झालं नसतं. आणि आई तिथेच बसली होती, मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन. ती सगळं ऐकत होती. मी गॅलरीत आहे हे तिला माहीत होतं, माझं हसणं तिला ऐकू येत असणार. ती एक अक्षर बोलली नाही. ना तेव्हा, ना नंतर कधी.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: नाही, आई पडली तेव्हा मी हँड्स-ऑफ नव्हते. मी तिथे नव्हतेच. हे दोन्ही बाहेरून सारखं दिसतं. काकूंना ते सारखं दिसलं म्हणून मी त्यांना दोष कसा देऊ? मी स्वतःच त्या दोन गोष्टींची सरमिसळ करून तुला फसवलं.

याच्यावर तू काही लिहिलं नाहीस तरी चालेल. मला फक्त हे तुझ्याकडे पोचवायचं होतं.

नकटी


२० मार्च

दादा,

नऊ दिवस पत्रपेटीपाशी माझ्या इतक्या खेपा झाल्या की पोस्टमन बाई मला पाहिलं की लांबूनच हात हलवून “नाही” म्हणायला लागल्या. काल त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं कार्ड पुढे केलं.

‘चि. नकटी, सुनावणीचं कळव. आणि ये. आशीर्वाद.’

एवढंच. ओरडला नाहीस, माफ केलं असंही म्हणाला नाहीस. ‘ये’ वर मात्र तू पेन दोनदा फिरवलंयस. मला ते दिसलं.

तर सुनावणीचं. खोलीत मुख्य बाई, वरच्या कार्यालयातले एक टकले साहेब, काकू, चाकाच्या खुर्चीत काका आणि मी. मी लिहून आणलेलं वाचायला घेतलं. मोठं सुंदर लिहिलं होतं, तुझा ‘मोकळीक’ही घातला होता. तिसऱ्या ओळीवर काकूंनी मला थांबवलं.

“बाई, हे सगळं राहू दे. मला एवढंच सांगा, तुम्ही करता काय?”

मी कागद खाली ठेवला. मग म्हटलं, “काकू, सांगता येत नाही. माझ्या जागी उभ्या राहाल?”

टकले साहेब घड्याळाकडे पाहायला लागले, पण मुख्य बाई उठल्या आणि म्हणाल्या, “चला.” आम्ही सगळे खाली हॉलमध्ये गेलो. काकांना साध्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. काकूंनी पहिल्यांदाच पर्स हातातून सोडली, ती साहेबांच्या हातात दिली. मी काकूंना काकांच्या बाजूला उभं केलं आणि त्यांचे हात कमरेपासून बोटभर अंतरावर आणून ठेवले. मी त्यांच्या मागे. म्हटलं, “आता डोळे यांच्या गुडघ्यावर. गुडघा थरथरला तर चालेल. आत वळला तर पट्टा धरायचा. तोवर धरायचं नाही.”

काका उठायला लागले. काकूंचे हात लगेच चिकटले.

“हात काढ गं!” काका ओरडले. “तीस वर्षं बस चालवली, तेव्हा स्टेअरिंग धरायला आली होतीस का?”

“बस पडत नव्हती,” काकू म्हणाल्या, पण हात काढले.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला काकूंनी दात-ओठ खाल्ले आणि हात हवेत ठेवले. काका अर्धे उठले, थांबले, थरथरले. काकू मोठ्याने मोजत होत्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसेल. अकरावर काका उभे होते. पूर्ण नाही, जरा पुढे झुकलेले, पण कुणीही न धरता उभे. मग काकू खुर्चीत बसल्या. काका उभे आणि काकू त्यांच्याच खुर्चीत! मी घाईघाईने दुसरी खुर्ची ओढली.

थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, “माझे खांदे दुखायला लागले.”

“माझेही दुखतात,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे वळल्या. “मग हे पहिल्या दिवशीच सांगायचं ना मला. मी महिनाभर त्या बाकावर बसून जीव मुठीत धरत होते.”

त्यांचं बरोबर होतं, दादा. काकांकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते, आणि दहा पावलांवर बसलेल्या बाईकडे मी एकदाही वळून पाहिलं नाही. तो दोष माझा, आणि तसं मी सर्वांसमोर म्हणाले. काकूंनी तक्रार मागे घेतली. साहेबांनी लिहिलं की यापुढे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगायचं. बरोबर आहे. मला मान्य आहे.

आता खरी गंमत ऐक. सगळे गेल्यावर मी मुख्य बाईंना धीर करून विचारलं, “अहवालात तो शब्द लिहिलात...”

“हो,” त्या म्हणाल्या. “आवडला ना? म्हटलं, एवढ्या वर्षांचा अनुभव आणि तरी कुणाला मुठीत ठेवत नाहीत. माझ्या पहिल्या वरिष्ठ तशाच होत्या.”

“म्हणजे कौतुक होतं?”

“म्हणजे काय? कौतुकच!” त्या इतक्या गोंधळल्या की मला त्यांचीच दया आली. “तुम्हाला काय वाटलं?”

दीड महिना मला त्या एका शब्दापायी जेवण गोड लागलं नाही, आणि बाईंना वाटत होतं मी खुशीत आहे! त्यांनी एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर? पण मग मी तुला पत्र लिहिलं नसतं. तेव्हा त्यांचं बरोबरच झालं म्हणायचं.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी येते. स्टेशनवर यायची गरज नाही, येईन मी शोधत.

नकटी


११ एप्रिल

दादा,

सुखरूप पोचले. स्टेशनवर येऊ नकोस म्हटलं तरी आलास, आणि परत निघताना माझी पिशवी माझ्या हातून ओढून घेतलीस. मी काही बोलले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तुझं घर आवडलं. जेवणाच्या टेबलावर छापण्याआधी तुझ्याकडे तपासायला आलेल्या पुस्तकांचे ढीग, आणि त्यात आईची औषधं नेमकी कुठे आहेत ते फक्त तुलाच माहीत. आई मला पाहून रडली नाही. “बारीक झालीस,” म्हणाली, जे धादांत खोटं आहे. गॅलरीचा विषय मी तिच्याकडे काढायला गेले तर तिने माझ्या गालावर डाव्या हाताची चापट मारली, हलकीच, आणि म्हणाली, “चार वर्षं लागली होय?” संपलं.

हे पत्र आईच्या सांगण्यावरून लिहितेय. ती म्हणाली, तोंडावर सांगू नकोस, तो लाजेल. पत्रात लिही, म्हणजे एकटा वाचेल.

शनिवारी सकाळी तू पेपर आणायला गेलास. आई पलंगावर बसली होती, तिचा तो करडा स्वेटर एप्रिलातही अंगात, पुढून उघडा. मी चहाचं भांडं घेऊन दारात आले तर आई बटणं लावत होती. डाव्या हाताने काज धरायचं, उजव्या हाताच्या अंगठ्याने बटण ढकलायचं. पाचच्या पाच. माझ्या डोळ्यांदेखत लावून झाली. दादा, माझे पेशंट सहा-सहा महिने झगडतात तेव्हा कुठे ते जमतं. मी आनंदाने ओरडणारच होते.

तेवढ्यात फाटक वाजलं, आणि आईने एकेक करून पाची बटणं काढली.

मला वाटलं, चुकलं म्हणून काढतेय. मग तू आलास. स्टूल ओढलंस, तिच्या समोर बसलास आणि खालून वर बटणं लावायला लागलास. आणि बोलायला लागलास. पहिल्या बटणाला शेजारच्यांच्या मांजरीचं. मग पुस्तकातल्या कुठल्याशा चुकीचं, जी लेखकाला मान्य नाही. मग मधल्या बटणावर तुझे हात थांबले आणि तू म्हणालास, “आज स्वप्नात ही आली होती. खिडकीचे पडदे धुवायला काढ म्हणाली.” वहिनीबद्दल तू बोलताना मी गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी दारातच उभी राहिले, भांडं हातात, चहा निवत.

दुपारी तू झोपलास तेव्हा मी आईला विचारलं, “बटणं तुला कधीपासून येतात?”

“दीड वर्ष झालं.”

“मग त्याला का लावू देतेस? आई, सवय गेली तर हात पुन्हा आखडेल.”

“सवय जात नाही. तो पेपरला गेला की मी रोज लावते आणि काढते.” मग म्हणाली, “सून गेल्यापासून हा दिवसभर त्या कागदांत डोकं खुपसून असतो. समोर बसवलं तर बोलत नाही. बटणं लावताना बोलतो. पाच बटणं, पाच गोष्टी. मी कशाला मधे हात घालू?”

माझी वीस वर्षांची विद्या तोंडात बोळा कोंबून बसली, दादा. तू आईची सेवा करतोस असं मला वाटत होतं, आणि ती तुझी करत होती. दीड वर्ष, रोज सकाळी, कुणाला कळू न देता. आणि मी भोळी, हँड्स-ऑफला आपल्या भाषेत शब्द शोधत हिंडत होते.

मग आता का सांगायचं, असं तू विचारशील. मीही विचारलं. आई म्हणाली, तुझे जुने शाळेतले मित्र दर वर्षी आठवडाभर डोंगरात बोलावतात आणि तू जात नाहीस. तुला वाटतं, तू नसलास तर तिला अंगावरचा स्वेटरही घालता येणार नाही. “त्याला कळू दे की जाता येईल,” ती म्हणाली. “आठवडाभर मी माझं बघते. पण परत आला की बटणं त्यानेच लावायची. हे नीट लिही. नाहीतर शहाणा उद्यापासून हात बांधून बसेल.”

तर नीट लिहिलंय. मेमध्ये डोंगरात जा. मी तिच्याकडे येऊन राहते, आणि शप्पथ, फोन घरी ठेवून येते. तुला हे माहीत झालंय हे आईपाशी बोलून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मी त्यात पडत नाही.

एकच लुडबुड करते, तेवढी सहन कर. आईच्या स्वेटरला वर, गळ्यापाशी, अजून एका बटणाला जागा आहे. मी नीट पाहून आले आहे. तेवढं शिवून घे.

तुझी,
नकटी